विभूती लावलेला कावळा

कावळ्याच्या चोचीच्या मुळापासून मानेपर्यंत, डोक्याच्या काळ्या पिसांवर, तीन आडव्या राखाडी रेघा होत्या. वरच्या दोन सरळ होत्या आणि त्यांची लांबी जवळजवळ सारखी होती. तिसरी निम्म्यावरच थांबली होती.

रुद्राणीला आधी वाटलं, चुना असेल. मग वाटलं, पिसांचा एखादा रोग. तिने हातमोज्याचं बोट पहिल्या रेघेवरून हलकेच फिरवलं. बोटाला मऊ, कोरडी राख लागली.

जिल्ह्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत तिला बरीच वर्षं झाली होती. मेलेल्या कोंबड्या रोजच्याच. बगळे, बदकं, एकदा तर उजनीच्या पाण्यावरून आलेला रोहित पक्षीही तिच्या टेबलावर येऊन गेला होता. विभूती लावलेला पक्षी मात्र आजवर आला नव्हता.

कावळा महापालिकेच्या सफाई कामगारांनी आणून दिला होता. कंबर तलावाजवळच्या बागेतून एक कुत्रं तो तोंडात धरून चाललं होतं, असं ते म्हणाले. पिसांना ओली माती होती. तलावाच्या बाजूला कावळे कमी दिसतात, ही तक्रार गेले काही आठवडे येतच होती. पण शोधायला गेलेल्या माणसांना मेलेला एकही कावळा मिळाला नव्हता, आणि मेलेला पक्षी मिळाल्याशिवाय तपासायचं काय?

तिने घशातला आणि गुदद्वारातला नमुना घेतला, नळ्या बंद केल्या, तीन वेष्टनांत गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवल्या. पेटी पुण्यामार्गे भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे रवाना झाली. हे सगळं करून झाल्यावर तिने त्या तिसऱ्या, अर्धवट रेघेचा विचार करायला सुरुवात केली.

विभूती तीन बोटांनी ओढतात. सगळ्यात खालची रेघ अनामिकेची. रुद्राणी शाळेत असताना सात रस्त्याच्या दुकानाचं शटर एका माणसाच्या उजव्या अनामिकेवर पडलं होतं आणि ते बोट कायमचं आखडलं होतं. तेव्हापासून त्या माणसाच्या कपाळावरची तिसरी रेघ अर्धीच उमटते.

तो माणूस म्हणजे तिचे वडील.

*

प्रयोगशाळेतच अंघोळ करून, कपडे बदलून ती घरी आली. विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं घर होतं. मागच्या भिंतीला लागूनच ती बाग. स्वयंपाकघरात तिची आई कमलम्मा भाकरी थापत होती. वडील बसप्पा नुकतेच गच्चीवरून उतरले होते आणि हातावरचा चुरा झटकत होते. धान्याचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांचं रोजचं एकच काम होतं. कडक भाकरी चुरायची, गच्चीच्या कठड्यावर पसरायची आणि "बा, बा", म्हणजे "ये, ये", म्हणून कावळ्यांना हाका मारायच्या. सोलापूरचे कावळे असल्यामुळे त्यांना कन्नडही कळत असे.

रुद्राणीने तोंडाला मास्क लावला आणि दारातच उभी राहिली.

"अप्पा, कावळ्याला विभूती कुणी लावली?"

बसप्पांनी जरा विचार केला.

"कुठल्या?" त्यांनी विचारलं.

कमलम्माचा हात परातीतच थांबला. "अगं बाई! म्हणजे लई हायत का?"

लई होते. बागेचा राखणदार बिरप्पा सकाळी झाडलोट करताना झाडाखाली कावळा पडलेला दिसला की तो टोपलीत घेऊन मागच्या दाराशी यायचा. बसप्पा त्याला दोन्ही हातांनी उचलून घ्यायचे, बागेतल्या कडुनिंबाखाली खड्डा खणून बसता ठेवायचे, विभूती लावायचे, वर बेलाचं पान आणि चिमूटभर मीठ. मग दोघं माती लोटायचे. लिंगायत घरात माणसाला देतात तशी समाधी.

"रोज आपल्या घरी जेवणारा जीव," बसप्पा म्हणाले. "त्याला कचऱ्याच्या गाडीत टाकू द्यायचं? तुझा तरी जीव झाला असता का?"

"उघड्या हातांनी उचललेत?"

"मग काय चिमट्यानं? मयताला कुणी चिमट्यानं धरतं का गं?"

"अप्पा, बर्ड फ्लू असू शकतो."

बसप्पा इतके मनमोकळे हसले की रुद्राणीला क्षणभर आपणच चुकलो की काय असं वाटलं. "रुद्रा, तू एवढी शिकलीस. आपण लिंगायत. आपल्या सात पिढ्यांनी कोंबडीला तोंड लावलं नाही. खाणाऱ्यांचा रोग तो. आपल्याला कसा होईल?"

"उलट आहे. नीट शिजवलेल्या कोंबडीतून तो होत नाही. आजारी पक्ष्याला हात लावला, त्याची लाळ, त्याची विष्ठा हाताला लागली, तोच हात नाकातोंडाला गेला, तर होऊ शकतो. खाणारे सुरक्षित आहेत, अप्पा. पुरणारे नाहीत."

कमलम्माने भाकरी तव्यावर टाकली. "घ्या," ती म्हणाली. "सात पिढ्यांचं पुण्य, आन् बुडवलं कावळ्यानं."

*

अहवाल आला तेव्हा त्यात जे असेल असं रुद्राणीला वाटत होतं तेच होतं. एच-फाइव्ह-एन-वन, म्हणजे बर्ड फ्लूच. त्याच दिवशी महापालिकेच्या वैद्यकीय अधिकारी डॉक्टर उत्कर्षा घरी आल्या. नाकातले आणि घशातले नमुने घेताना त्या बसप्पांशी आणि बिरप्पाशी सतत गप्पा मारत होत्या, म्हणून दोघांनी तोंड उघडं ठेवलं.

"मला काय झालंय, डॉक्टरीणबाई?" बिरप्पाने विचारलं. "मी ठणठणीत हाय की."

"ठणठणीत आहात म्हणूनच आज बघतेय. दहा दिवस घरीच राहायचं. ताप, खोकला, डोळे लाल, काहीही झालं तरी लगेच फोन. आणि या गोळ्या."

"गोळ्या कशाला, काही झालं नसताना?" बसप्पा म्हणाले.

"तुम्ही दुकानाला कुलूप चोरी झाल्यावर लावत होता का, अप्पा?"

बसप्पांना हे उत्तर आवडलं. दुकानदाराशी दुकानदाराच्या भाषेत कुणी बोललं की ते नरम पडत. त्यांनी गोळी घेतली आणि मग रुद्राणीकडे वळून म्हणाले, "खरं सांग. माणसाला होतो का हा?"

रुद्राणी उगाच घाबरवत नसे आणि उगाच धीरही देत नसे. "क्वचित होतो. या विषाणूकडे पक्ष्यांच्या पेशींच्या कुलपाची किल्ली आहे. आपल्या नाकाघशातलं कुलूप वेगळं आहे, त्याला ती नीट बसत नाही. म्हणून एवढे पक्षी मरतात तरी माणसं सहसा आजारी पडत नाहीत. पण जो पडतो तो फार आजारी पडतो. आणि ही किल्ली रोज थोडी थोडी घासली जाते. जितक्या वेळा ती आपल्या कुलपात घालून बघायला मिळेल, तितकी एखाद्या दिवशी बसण्याची शक्यता वाढते."

"आणि मी ती रोज घालून बघायला देत होतो."

"हो."

बसप्पांनी वर छताकडे पाहिलं. गच्चीवर कावळ्यांचा गलका चालला होता. भाकरीची वेळ झाली होती.

"ते खाणंही बंद करायला हवं, अप्पा," रुद्राणी म्हणाली. "तलावावर थंडीत बाहेरून बदकं येतात, त्यांच्यात हा विषाणू असतो आणि बहुतेक वेळा त्यांना काही होतही नाही. कावळे तिथलं मेलेलं टोचतात. मग सगळे आपल्या कठड्यावर खांद्याला खांदा लावून जेवतात. एकाचा रोग पंगतीला."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"सोमवारी सांगतो," बसप्पा म्हणाले.

सोमवारी ते म्हणाले, सोमवार सिद्धरामेश्वराचा वार, आज कुणाच्या पोटावर पाय द्यायचा? मंगळवारी म्हणाले, अमावास्या होऊ दे. अमावास्या झाल्यावर म्हणाले, ऊन किती वाढलंय बघ, आत्ता कुठे जातील ती? आणि शेवटी म्हणाले, "मी खोलीत बंद. मी वर जातच नाही. मग बंद करायचं ते काय राहिलं?"

हे बरोबर होतं, म्हणून रुद्राणीने विषय सोडला.

*

बिरप्पाने सोडला नाही. बागेतल्या त्याच्या खोलीमागे त्याच्या बायकोच्या कोंबड्या होत्या, आणि रुद्राणीने त्याला सांगितलं होतं की त्या जाळीत कोंडून ठेव, दाणापाणी आतच दे, वरून ताडपत्री टाक. कावळ्यांत रोग सापडला म्हणून कोंबड्या मारत नाहीत. पण तो बिरप्पाच्या कोंबड्यांत शिरला, तर भोवतालच्या एक किलोमीटरमधली एकही कोंबडी राहणार नाही. त्याची तर नाहीच, आणि गल्लीतल्या कुणाचीच नाही. बिरप्पाला हे पहिल्या फटक्यात समजलं होतं.

रोज संध्याकाळी तो भिंतीपलीकडून हाक मारायचा. त्यालाही घरीच राहायचं होतं, आणि त्याचं घर म्हणजे बाग.

"सावकार! ठरलं का?"

खिडकीतून बसप्पा ओरडायचे, "ठरेल की!"

"कवा? माझ्या तलंगा कोंडून कोंडून येड्या व्हायला लागल्यात. तुमचे कावळे जेवून येतेत आन् माझ्या ताडपत्रीवर हात धुतेत."

"कावळा हात धुतो का रे?"

"न्हाय धूत, तीच तर पंचाईत हाय!"

गल्लीतली पोरं हे ऐकायला खिडक्यांत येऊन बसत. बसप्पांनाही ते आवडत असावं, कारण वेळ झाली की ते आधीच खुर्ची खिडकीशी ओढून ठेवत. कोंडलेल्या माणसाला भांडण म्हणजे करमणूकच. दोघांना तापही आला नाही आणि खोकलाही. उत्कर्षा रोज फोन करून तपमान विचारत. बसप्पा भाव सांगावा तसं सांगत, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. कालच्यापेक्षा जरा उतरलंय."

दहा दिवस भरत आले तेव्हा नमुन्यांचा निकाल आला, दोघांचाही निगेटिव्ह. कमलम्माने देवापुढे ऊदबत्ती लावली आणि शेंगांची चटणी कुटायला घेतली.

त्या संध्याकाळी मात्र बिरप्पाच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"सावकार, तुमी तर खाली हाय. मग कावळे अजून कसे काय येतेत? काल होते तेवडेच आज हायत. उलट जास्तीच."

"सवय असते त्यांना," बसप्पा म्हणाले. "हळूहळू जाईल."

रुद्राणी ऐकत होती. सवय जाते, पण ती उतरती असते. आज दहा आले, उद्या आठ, परवा पाच. काहीच मिळत नसताना वाढणारी सवय तिला माहीत नव्हती. ती जिना चढून गच्चीवर गेली. कठड्यावर कडक भाकरीचा चुरा होता. तिने दुरूनच पाहिलं. कडा तीक्ष्ण, रंग पांढुरका, त्यावर धूळ नाही. आजचाच.

ती खाली आली तेव्हा कमलम्मा खलबत्त्यापाशी बसली होती.

"अव्वा, वर भाकरी कोण टाकतं?"

कमलम्माने बत्त्याकडे पाहिलं. ज्या बाईने वर्षानुवर्षं "माझ्या हातच्या भाकऱ्या माणसं खातेत का पाखरं?" म्हणून नवऱ्याला ऐकवलं होतं, ती आता बत्त्याला चिकटलेली चटणी बोटाने काढू लागली.

बसप्पा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "कमळा? तू?"

"मग काय करू?" कमलम्मा एकदम म्हणाली. "पयल्या दिवशी ती आली आन् कठड्यावर नुसती बसली. ओरडली पन न्हाईत. जिन्याकडं बघत बसली, तुमी येताय का म्हणून. माझ्यानं बघवलं न्हाई. अर्धी भाकरी टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. घाण झाली म्हणून गच्ची पन झाडली."

"कोरडी झाडलीस?" रुद्राणीने विचारलं.

"मग? गच्ची काय शॅम्पूनं धुतेत?"

वाळलेली विष्ठा, कोरडा झाडू आणि हवेत उडणारी धूळ. रुद्राणीने डोक्यात क्रमाने सगळं मांडलं आणि फोन उचलून उत्कर्षांना लावला. "डॉक्टर, आमच्याकडे आणखी एका जणावर लक्ष ठेवायचं आहे," असं ती म्हणत होती तेवढ्यात कमलम्मा शिंकली. मग पुन्हा शिंकली. लागोपाठ चार वेळा.

 स्वतःच्या नाकात तपासणीची काडी घातली तेव्हाही बसप्पा इतके घाबरले नव्हते. ते भिंतीला धरून खुर्चीत बसले आणि बायकोकडे बघत राहिले.

"मिरची हाय ही," कमलम्मा डोळे पुसत म्हणाली. "चटणीची. असं काय बघताय मी चालल्यासारखं?"

"खरंच मिरची?"

"शिंकून दावू का परत?"

रुद्राणीने खलबत्त्याजवळ वाकून वास घेतला आणि तीही शिंकली. पलीकडे फोनवर उत्कर्षा विचारत होत्या, "कोण शिंकतंय? किती जण शिंकताय?" तिने त्यांना सगळं सांगितलं. उत्कर्षा हसल्या, पण त्यांनी नियम बदलला नाही. धोका कमी आहे, तरी उद्या सकाळी नमुना घ्यायला येते. कमलम्मांनी आता दहा दिवस खोलीत राहायचं, गोळ्या सुरू करायच्या, गच्ची पालिकेची माणसं औषध मारून धुतील, तोवर वर कुणी जायचं नाही.

"म्हंजे दहा दिवस भाकऱ्या कोण थापणार?" कमलम्माने विचारलं.

 दोघींनी बसप्पांकडे पाहिलं.

"चालेल," कमलम्मा म्हणाली, "लई चालेल. मी बसते निवांत खिडकीत. तुमची खुर्ची द्या इकडं."

बसप्पा मात्र हसले नाहीत. "मी तर खाली होतो, कमळा," ते हळू म्हणाले. "मी बंदच केलं होतं की."

"कवा?" कमलम्माने विचारलं. "मी हितंच हाय, मला कुटं ऐकू आलं? तुमी सोमवारी म्हणाला, अमुश्याला म्हणाला, ऊन उतरल्यावर म्हणाला. बंद म्हणाला न्हाई कधी. तुमी बंद म्हणाला असता तर मी कशाला गेले असते वर? ह्या घरात तुमी बंद न म्हटलेलं काय बंद झालंय आजवर?"

भिंतीपलीकडे सगळं शांत होतं. बिरप्पा ऐकत होता हे उघड होतं. बहुतेक सगळी गल्लीच ऐकत होती.

"कायमचं नाही, अप्पा," रुद्राणी म्हणाली. "रोग आहे तोवर. त्यांना पोट भरता येतं, त्यांचं आपल्यावाचून अडत नाही."

"ते मला माहीत आहे," बसप्पा म्हणाले. "माझंच अडतं."

 सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न दुकान सोडल्यापासून त्यांना रोज पडत असणार, आणि रोज कठड्यावर त्याचं उत्तर येऊन बसत असणार.

"तोंडानं म्हणा," कमलम्मा म्हणाली. या वेळी तिचा आवाज मऊ होता. "मनात म्हटलेलं मला बी कळत न्हाई आन् त्यास्नी बी."

बसप्पा उठले. खिडकीपाशी गेले. खिडकीतून बाग दिसत होती, ताडपत्री दिसत होती, आणि भिंतीच्या वर बिरप्पाचं मुंडासं तेवढं दिसत होतं. कठड्यावरचे दोन कावळे मान वाकडी करून खाली बघत होते.

"बिरप्पा!"

"व्हय सावकार!" मुंडासं ताबडतोब वर आलं.

"ऐक. गल्लीतल्या सगळ्यांनी ऐका. आमच्या गच्चीवर उद्यापासून—"

"उद्या?" कमलम्मा मागून म्हणाली.

बसप्पांनी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले.

"आजपासून," ते मोठ्याने म्हणाले. "आजपासून आमच्या गच्चीवर कावळ्यांना खाणं बंद. मी बंद केलंय."